सखूचा अर्धा वाटा

सखूच्या तोंडाला सगळं बोनकोडे गाव वचकून असे. नवऱ्याने, नामदेवने, बाटली उघडली की तिचा पट्टा सुरू झालाच. "माजं म्हायेर माळकरी. तिथं कोनी थेंब शिवला नाय. तुमच्या घरान्याचं रगतच नासकं!" थोरला हितेश लिव्हर खराब होऊन ऐन तिशीत गेला, तेव्हा तर तिने दहाव्यालाच सासरच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. नामदेवने मान खाली घालून ऐकून घेतलं. पोरगा बापाच्याच पंगतीला बसून प्यायला शिकलेला.

पण जन्मभर पिऊन बाप धडधाकट आणि तरणा पोरगा मसणात, हे कोडं काही तिला सुटत नव्हतं. ते सुटलं सीवूड्सच्या डॉक्टरीणबाईंकडे. धाकट्या प्रीतमचंही लिव्हर सुजलेलं निघालं, म्हणून बाईंनी आईबापाचंही रक्त तपासायला पाठवलं होतं.

"काहींच्या जनुकांत जन्मतःच एक बदल असतो," बाई म्हणाल्या. "तो आईवडील दोघांकडून आला, तर तेवढ्याच दारूने त्यांचं लिव्हर इतरांपेक्षा लवकर बिघडतं. काकांना तो एकेरी आहे. प्रीतमला दुहेरी. थोरल्यालाही तसाच असावा. प्रीतम, आता थेंबही नाही."

"एक बापाचा. मंग दुसरा कुठनं आला?" सखूने विचारलं.

बाईंनी तिचा रिपोर्ट पुढे सरकवला. "तुमच्याकडून, मावशी."

परतताना रिक्षात सखू तो रिपोर्ट घडी घालून पुन्हा उघडत राहिली. दारू कधी शिवलीच नव्हती, म्हणून तिची मूठ झाकलेली राहिली होती. ती पोरांच्या अंगात उघडली. नामदेवने एका शब्दाने टोमणा मारला नाही, याचंच तिला जास्त लागलं.

सर्वपित्रीला हितेशचं पान वाढलं. वडे, खीर, आणि त्याला आवडायची म्हणून ग्लासात दारू. गेलेल्याला दाखवलेला प्रसाद त्याच्या पाठच्या भावाने घ्यायचा, ही त्यांच्या घरची जुनी रीत. नामदेवने ग्लास उचलला आणि कचरतच प्रीतमपुढे धरला.

"घोटभर घे. भावाचा परसाद हाय, नाय बोलू नये."

प्रीतमचा हात पुढे आला. जरा जास्तच लगबगीने आला. सखूने झडप घालून ग्लास हिसकावला आणि एका दमात स्वतःच्या घशात ओतला. छाती जळली, ठसका लागला, डोळ्यांना धारा लागल्या.

"झाला परसाद!" ती ओरडली. "माजा बी अर्धा वाटा हाय यात!"

नामदेवने रिकामा ग्लास तिच्या हातातून काढून घेतला. एक पोरगा तरी यमाच्या हातून सोडवला, असं सखूला वाटलं आणि तिला रडूच फुटलं.

प्रीतमने तिच्या पाठीवरून हात फिरवला, पाणी पाजलं. मग लहान पोराची समजूत काढावी तसा हळूच म्हणाला, "रडू नको, आये. बाटलीत हाय अजून."