खळी कुठल्या गालावर

इंग्रजांचे प्रश्न ठरलेले असत. आपल्या पंथाबाहेरच्या समस्त जगाला इथली, जुन्या चालीने राहणारी ख्रिस्ती माणसं इंग्रजच म्हणतात, मग तो जपानातून आलेला असो नाहीतर पलीकडच्या गावातून. शुक्रवारी बाजार भरला की त्यांच्या बसगाड्या येत आणि सलोमाच्या बाहुल्यांच्या टेबलाभोवती तीच ती चौकशी सुरू होई. घरात वीज नाही म्हणजे खरंच नाही? मग करमतं कसं? आणि या कापडी बाहुल्यांना नाक-डोळे का नाहीत?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सलोमाने झोपेतही दिलं असतं. चेहरा घडवणं हे देवाचं काम, माणसाने त्यात लुडबुड करू नये. मूर्ती नको, चित्र नको, फोटो तर मुळीच नको. एवढं ऐकलं की इंग्रज बायका माना वाकड्या करून "किती गोड" म्हणत आणि बाहुली पिशवीत टाकत. एकीने तर सलोमाच्या नवऱ्याला, अबनरला, विचारलं होतं की तुम्ही लोक कधी हसता का. अबनर दाढीवरून हात फिरवत म्हणाला, "हसतो की. फक्त आधी बिशपची परवानगी काढावी लागते." बाईला ते खरंच वाटलं. घरी येताना अबनर बग्गीत पोट धरून हसत होता आणि दोघांच्या मधे बसलेली त्यांची लिडिआनही खिदळत होती.

लिडिआन होती तेव्हाची ही गोष्ट. सात वर्षांची पोर गवताच्या माळ्यावरून खाली कोसळली आणि जागीच संपली. त्याला आता दोन हिवाळे होऊन गेले. तिला पुरायला निघालेल्या बग्ग्यांची काळी रांग बघायला इंग्रजांनी रस्त्याच्या कडेला मोटारी थांबवल्या होत्या. सलोमाने त्या दिवशी हंबरडा फोडला नाही, कारण तिथे कुणीच फोडत नाही. पण बाहेर त्याचं केवढं कौतुक झालं. डॉरिसबाई नावाची एक म्हातारी इंग्रज शेजारीण होती, लांब कुठे जायचं झालं की ती या लोकांना आपल्या मोटारीतून पोचवायची. ती भेटेल त्याला सांगत सुटली की यांच्या श्रद्धेचं काय विचारता, पोर गेली तरी आईच्या डोळ्यात पाणी नाही. एकदा तिने हे सलोमाच्या तोंडावरच म्हटलं. सलोमाला वाटलं, हिचा गळा धरावा. मग तिने आत जाऊन घरी भाजलेला पाव आणला आणि म्हातारीच्या हातात ठेवला. यांचं हे असंच असतं.

सलोमाच्या मनात जे कुरतडत होतं ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. लिडिआनचा चेहरा पुसट होत चालला होता. तिचा आवाज आठवे, केसांचा वास आठवे, टोपीची नाडी दातांत धरून चघळायची खोड आठवे. चेहरा आठवायला जावं तर टोपीच्या आत नुसतं पांढरं कापड दिसे, टेबलावरच्या बाहुल्यांसारखं. घरात फोटो नाही. कुणाच्याच घरात नसतो. रविवारी प्रार्थनेहून परतताना ती बग्गीत सहज म्हणून गेली की आपल्या पोरीच्या डाव्या गालाला काय सुरेख खळी पडायची.

"डाव्या नाही, उजव्या," अबनर म्हणाला.

"काहीतरीच काय? मी न्हाऊ घालायचे तिला."

"आणि माझ्या शेजारी कोण बसायचं? हसली की खळी माझ्या बाजूला यायची." एवढं बोलून तो थांबला. ती आपल्या कुठल्या हाताला बसायची, हेच त्याला धड सांगता येईना. त्याने उगाचच लगाम खेचला.

सलोमाने नणंदेला विचारलं. नणंद म्हणाली, दोन्ही गालांना पडायची बहुतेक. बहुतेक! पोटच्या पोरीच्या बाबतीत बहुतेक ऐकून घ्यायचं? अबनरने समजूत काढली की देवाला ठाऊक आहे, तेवढं आपल्याला पुरे.

"मला पुरत नाही," सलोमा म्हणाली. लग्न झाल्यापासून असं काही ती पहिल्यांदाच बोलली असेल. अबनर उठून घोड्याला पाणी दाखवायला गेला.

पुढे पानगळीच्या दिवसांत सलोमाची दाढ दुखायला लागली आणि डॉरिसबाई तिला शहरात दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. परत येताना म्हातारी बराच वेळ चुळबुळत होती. शेवटी तिने सांगूनच टाकलं. हमरस्त्यावर ते प्रवाशांचं मोठं दुकान आहे ना, तिथे चित्रांची कार्डं विकायला असतात. तिने जाता जाता काचेतून पाहिलं होतं.

"लिडिआनचं कार्ड आहे गं तिथे. बाजारातलं तुझं टेबल, ती निळ्या झग्यात, मांडीवर ते काळं कुत्र्याचं पिल्लू. कुणीतरी चोरून फोटो काढला असणार. तुला राग येईल म्हणून इतके दिवस बोलले नाही."

राग यायलाच हवा होता. सलोमाने मात्र मोटारीच्या दाराची कडी घट्ट धरली. फोटो बाळगल्याचं मंडळीत कळलं तर बिशप सगळ्यांसमोर गुडघे टेकून कबुली द्यायला लावणार, यात शंका नव्हती. टेकीन, तिने मनाशी म्हटलं. गुडघे काय, कपाळ टेकीन. पण एकदा बघून घेईन.

"डॉरिसबाई, गाडी तिकडे घ्या."

"अगं, तुमच्यात चालत नाही ना?"

"तुम्ही घ्या."

सलोमा दुकानात शिरली आणि आतली बडबड एकदम थांबली. भिंतभर तिचीच माणसं फोटोंतून टांगलेली होती. पाठमोऱ्या बग्ग्या, दोरीवर वाळणारे काळे झगे, अनवाणी पोरं, म्हाताऱ्यांच्या दाढ्या, आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, साधी सुखी माणसं. एका बाईने नवऱ्याच्या कानात कुजबुजून विचारलं की ही खरी आहे का. नवरा पुढे झाला आणि सलोमालाच विचारू लागला की तुम्ही इथे कामाला आहात ना, मग मधाच्या बाटल्या कुठे ठेवल्यात. सलोमाने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कार्डांची जाळी काचेजवळच्या कोपऱ्यात होती. तिने ती हळूहळू फिरवली आणि निळा झगा दिसताच थांबली.

लिडिआनच होती. टेबलाखाली लोंबणारे ते धुळीचे पाय तिचे होते, पिल्लाला कवटाळून धरायची ती रीत तिची होती. चघळून चोथा झालेली टोपीची नाडीही दिसत होती. आणि टोपीच्या आत, कपाळापासून हनुवटीपर्यंत, एक रुंद हात होता. अंगठ्याच्या मुळाशी भट्टीच्या चटक्याचा डाग असलेला, बोटं घट्ट मिटलेला.

डाग ओळखीचा होता. तो हात तिचाच होता.

आता तिला सगळं आठवलं. कुणीतरी गर्दीतून कॅमेरा उचलला होता आणि तिने झटक्यात पोरीचं तोंड झाकलं होतं. पंथातल्या कुठल्याही आईने तेच केलं असतं. पोरीला तो खेळच वाटला होता. ती तळव्याखाली खुदुखुदु हसत होती, तिचा ऊन श्वास सलोमाच्या तळव्याला लागत होता, आणि सलोमा तिला दटावत होती की गप्प बस, हसायचं नाही. खळी तिथेच होती, त्या हाताखाली.

सलोमाने अंगठ्याचं नख कार्डावर टेकवलं आणि खरवडायला सुरुवात केली. आधी हळू, मग जोर लावून. बोटांचा रंग निघाला, डाग निघाला. खाली पांढरा कागद लागला. ती खरवडतच राहिली.

दुकानदारीण लगबगीने आली. बिचारी चांगली होती, तिचा आवाजही मऊ होता. म्हणाली, हे कार्ड सगळ्यांना फार आवडतं हो, आईची माया दिसते ना त्यात. मग तिचं लक्ष सलोमाच्या नखाकडे गेलं.

"अहो, खराब झालं की ते. राहू द्या, मी दुसरं देते," असं म्हणून तिने खालचा खण उघडला आणि गठ्ठा काढून सलोमासमोर ठेवला. गठ्ठ्यातल्या प्रत्येक कार्डावर तो हात होता.