कपड्यांसकट पोहण्याची परीक्षा

शेजारच्या व्हिलात राहायला आलेल्या डच बाईंना अनुपमाने पहिल्याच आठवड्यात नारळाच्या वड्या नेऊन दिल्या. दुसऱ्या दिवशी डबा परत घेताना सवयीने विचारलं, कशा झाल्या होत्या? यानेकेबाईंनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, "मला फार गोड वाटल्या. एक खाल्ली, बाकीच्या ड्रायव्हरला दिल्या. डबा मात्र छान आहे."

अनुपमा घरी आली ती तोंड पाडूनच. संध्याकाळी नवऱ्याला, गुणवंतला, सगळं सांगितलं तर तो हसतच सुटला. तो आखातातल्या जबल अली बंदरात एका ड्रेजिंग कंपनीत प्लॅनिंग बघायचा. समुद्राच्या तळाची वाळू ओढून नवी जमीन करायची, हा कंपनीचा धंदा, आणि अर्धे साहेब डच. त्याने सांगितलं की त्यांच्या मीटिंगमध्ये काल लागलेला पोरगासुद्धा डायरेक्टरला तोंडावर सांगतो, तुमचा प्लॅन चुकलाय. डायरेक्टर रागावत नाही, कुठे चुकलाय ते विचारतो. गोड बोलून वेळ मारून नेणं त्यांना उद्धटपणाचं वाटतं.

"मग वड्या नेऊच नको की काय?"

"ने. फक्त कशा झाल्या ते विचारू नकोस."

चार दिवसांनी सकाळी ती काही कामाने शेजारी गेली, तर सहासष्ट वर्षांच्या यानेकेबाई पावाला लोणी लावून त्यावर चॉकलेटचा चुरा पेरत होत्या. केकवर घालतात तसला, अगदी दाट. हा त्यांचा रोजचा नाश्ता, त्यांच्याकडे लहानथोर सगळे खातात, असं त्यांनी सांगितलं. वड्या गोड म्हणणारी बाई ती हीच! अनुपमाला हसू आवरेना. कशाला हसतेस, असं बाईंनी विचारल्यावर तिने खरं ते सांगून टाकलं. बाईही मोठ्याने हसल्या, आणि तिथून दोघींचं जमलं.

यानेकेबाईंचे यजमान वाळू ओढणाऱ्या जहाजावर आठवडेच्या आठवडे समुद्रात असायचे, त्यामुळे सकाळची कॉफी दोघींची एकत्र होऊ लागली. कॉफीबरोबर एक बिस्किट मिळे आणि लगेच डब्याचं झाकण बंद होई. सुरुवातीला अनुपमाला ते खटकायचं, पुढे ती घरून चिवडा नेऊ लागली. आपल्याहून वीस वर्षांनी मोठ्या बाईला नुसत्या नावाने हाक मारायला तिची जीभ वळेना. बाई म्हणत, मी काय ऑफिसर आहे का? शेवटी तोंडावर "यानेके" आणि घरी "यानेकेबाई" अशी तोड निघाली.

बाई आपल्या देशाबद्दल बोलायच्या ते घरातल्या माणसाबद्दल बोलावं तसं, कौतुक आणि कुरकुर दोन्ही. देशात माणसांपेक्षा सायकली जास्त आहेत. जिने इतके उभे की कपाट खिडकीतून चढवावं लागतं. देशाचा चौथा हिस्सा समुद्राच्या पातळीखाली आहे, पंप बंद पडले तर लोकांच्या दिवाणखान्यात मासे येतील. बांध आणि कालवे सांभाळायला गावोगावच्या लोकांनी शेकडो वर्षांपूर्वीच मंडळं नेमली होती, त्यांच्या निवडणुका अजून होतात. "शेजाऱ्याशी भांडण असलं तरी बांधाला दोघांनी मिळून माती घालायची," बाई म्हणाल्या. "नाहीतर दोघेही बुडणार."

एका सकाळी दोघी व्हिलांच्या कंपाउंडमधल्या सामायिक पूलपाशी बसल्या होत्या. अनुपमाची अकरा वर्षांची लेक ईशानी पाण्यात होती, आणि अनुपमा नेहमीसारखी तिचा टॉवेल मांडीवर घेऊन काठावर. बाईंनी विचारलं, तू का उतरत नाहीस? अनुपमा म्हणाली, मला येत नाही. बाईंना ते पटेचना. नवरा समुद्रातून जमीन काढतो, घर समुद्राजवळ, आणि पोहता येत नाही?

मग अनुपमाने वाईजवळच्या तिच्या गावची विहीर सांगितली. दोन्ही भाऊ पाठीला सुका भोपळा बांधून तिथे पोहायला शिकले. मुलींना उतरायची परवानगी नव्हती, ती वर बसून भावांचे कपडे सांभाळायची. आता सत्तेचाळिसाव्या वर्षी तो स्विमिंग कॉस्च्यूम घालून चारचौघांत उतरायचं म्हणजे तिला नको वाटे.

"मग कपडे घालून शीक," यानेकेबाई म्हणाल्या. "आमची पोरं परीक्षाच कपड्यांत देतात. बूटसुद्धा घालून."

अनुपमाला वाटलं बाई थट्टा करतायत. पण ते खरं होतं. त्यांच्याकडे दाराबाहेर कालवा. पोर त्यात पडतं तेव्हा अंगात शाळेचे कपडे असतात, म्हणून पोहणं कपड्यांसकट आलं पाहिजे. बाईंनी स्वतः तीस वर्षं झ्वोले नावाच्या गावात मुलांना हेच शिकवलं होतं.

पूलवरचा लाइफगार्ड याकूब दापोलीचा. तो अदबीने म्हणाला, "ताई, साध्या कपड्यांना परवानगी नाय. सुताचे धागे फिल्टरमध्ये अडकतात." यानेकेबाई सरळ कंपाउंडच्या मॅनेजर एमान यांच्याकडे गेल्या. एमान यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि अनुपमाला सांगितलं की त्या स्वतः मनगटापासून घोट्यापर्यंत झाकणारा पोहण्याचा पोशाख घालून पोहतात, तसाच तिने घ्यावा. शिवाय मंगळवारी सकाळी पूल फक्त बायकांसाठी. "यल्ला, चला, येत्या मंगळवारपासून या," त्या म्हणाल्या.

अडचण अशी झटक्यात सुटली, तरी अनुपमा मंगळवार पुढे ढकलायची कारणं शोधू लागली. इतकी वर्षं ती कपड्यांचं निमित्त सांगत होती. आता कळलं, खरी तर ती पाण्यालाच घाबरत होती.

पहिल्या मंगळवारी ती कमरेएवढ्या पाण्यात काठाचा दांडा धरून उभी राहिली. दुसऱ्या मंगळवारी नाकातोंडात पाणी गेलं आणि ती वर आली ती थेट घरी. दुपारी बाई दारात हजर. अनुपमाने सांगितलं, माझं वय झालं, खलास, मला नाही जमायचं.

"वयाचा काही संबंध नाही," बाई म्हणाल्या. "तुला जमत नाही कारण तू डोकं पाण्यात घालत नाहीस. डोकं घाल. मग जमेल."

हे इतकं कोरडं होतं की अनुपमाला धीर आला. कुणी "अगं, किती छान करतेस" म्हटलं असतं तर तिने विश्वासच ठेवला नसता.

मार्चमध्ये यानेकेबाईंचा वाढदिवस आला. दुपारी चारचं बोलावणं म्हणून गुणवंतने जेवणही बेताचंच केलं होतं. तिथे सगळे पाहुणे गोलात खुर्च्या मांडून बसलेले. आलेला प्रत्येकजण बाईंचं अभिनंदन करून झाल्यावर बाकीच्यांचंही करत होता. एका उंचच उंच माणसाने गुणवंतचा हात धरून गंभीरपणे म्हटलं, "शेजारणीबद्दल अभिनंदन." मग केकचा एकेक तुकडा आला, कॉफी आली, आणि साडेपाचला सगळे उठले. गाडीची किल्ली घेता घेता गुणवंत म्हणाला, "चला, आता जेवायला कुठे जायचं?" ईशानी म्हणाली, "एनीव्हेअर विथ फूड."

त्याच गोलात बाईंनी जाहीर केलं होतं, की एप्रिलअखेर, त्यांच्या राजाच्या वाढदिवशी, कंपाउंडच्या मुलांची डच पद्धतीने परीक्षा होईल. सरकारी डिप्लोमा तिकडेच मिळतो, इथे नाही, पण परीक्षा तीच. आणि अनुपमाही बसणार. तिला कुणी विचारलं नव्हतं. पण तिने नाहीही म्हटलं नाही.

परीक्षेच्या दिवशी डच मंडळी डोक्यापासून पायापर्यंत नारिंगी कपड्यांत, कारण तो त्यांच्या राजघराण्याचा रंग. एमान यांनी खास परवानगी दिली होती. पोरांच्या रांगेत शेवटी अनुपमा, पोहण्याच्या पोशाखावर नायलॉनचा सलवार-कमीज, पायात कॅनव्हासचे बूट. तिने उडी मारली. कपडे अंगाला चिकटले, बूट जड झाले, तरी ती तरंगली. मग हातपाय हलवत जागच्या जागी राहायचं होतं, तेव्हा दमून तिने क्षणभर काठाला बोटं टेकली. पुढे बूट आणि वरचे कपडे काढून पाण्याखाली सोडलेल्या ताडपत्रीच्या भोकातून पलीकडे जायचं. पहिल्यांदा ती अलीकडेच वर आली. दुसऱ्यांदा डोळे उघडे ठेवले, ते काळं भोक समोर दिसलं, आणि ती त्यातून गेली. पलीकडे डोकं वर काढलं तेव्हा ईशानी काठावर उड्या मारत होती.

सगळ्या मुलांना पास झाल्याचे कागद मिळाले. यानेकेबाई अनुपमाजवळ येऊन म्हणाल्या, "भोक उत्तम. पण तू काठ धरलास. नापास. पुढच्या महिन्यात पुन्हा."

गुणवंतला राग आला. एवढ्या मोठ्या बाईमाणसाला एक कागद दिला असता तर काय बिघडलं असतं, असं तो घरी म्हणाला. अनुपमा केस पुसत होती. तिलाही आधी डोळ्यांत पाणी आलं होतं. पण ती म्हणाली, "ईशानीच्या शाळेत सगळ्यांना मेडल मिळतं. ती मेडलं कुठे ठेवते, तिला विचार. मला पास झाले म्हणजे खरंच पास झाले असं हवंय."

मे महिनाभर ती रोज सकाळी जागच्या जागी तरंगत राहिली. याकूब काठावरून म्हणे, "ताई, खांदे सैल सोडा." महिनाअखेर परीक्षा झाली तेव्हा काठाशी फक्त बाई, याकूब आणि घरची दोघं होती. तिने काठाकडे पाहिलंसुद्धा नाही. "पास," यानेकेबाई म्हणाल्या आणि तिला ओल्या कपड्यांसकट मिठी मारली.

शुक्रवारी सगळे जबल अलीच्या किनाऱ्यावर गेले. उन्हाने समुद्राचं पाणी कोमट झालं होतं. अनुपमा ईशानीबरोबर आत गेली, छातीपर्यंत, मग पाय टेकेनात तिथवर. वळून पाहिलं तर किनाऱ्यावर गुणवंत दोघींचे टॉवेल सांभाळत बसला होता. तिने हात हलवला. त्याला वाटलं, काही हवंय का, म्हणून तो उठून पाण्यापर्यंत आला.

"काही नाही," ती ओरडून म्हणाली, "बस तू आरामात. आम्हाला वेळ आहे."