मंगळवार-शनिवारची घंटी

मित्रांनो, मी एक जुना रुळाचा तुकडा आहे. हातभर लांब, एका टोकाला भोक पाडलेला. सौंसरवरून जाणाऱ्या रेल्वेच्या छोट्या लाईनवर मी बरीच वर्षं पडून होतो. माझ्या अंगावरून माणसं गेली, संत्र्यांच्या पेट्या गेल्या, लग्नाची वऱ्हाडं गेली. पुढे रूळ बदलले आणि आम्ही भंगारात निघालो. त्यातल्या त्यात मी नशिबाचा. सौंसरला नवीन कॉलेज निघालं होतं आणि त्यांना घंटी हवी होती. कुणीतरी मला उचलून आणलं आणि स्टाफरूमसमोरच्या कडुनिंबाला तारेनं टांगलं.

मला वाजवायचा तो चपराशी कवडू. त्याचा लोखंडी दांडा सकाळी नऊला माझ्यावर पडला की बाजारातले दुकानदार आपापली घड्याळं लावून घेत. पहिली घंटी झाली की फाटक बंद. मग कुणी कितीही विनवण्या करो, फाटक उघडत नसे. प्राचार्य केशवराव आल्यागेल्याला सांगत, "आमची घंटी कोणासाठी थांबत नाही." ते ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं. लोखंडाला कसलं मांस, असं तुम्ही म्हणाल, पण चढायचं खरं.

१९८४ साली बी. ए.च्या पहिल्या वर्षाला छाया नावाची मुलगी आली. बोरगावकडच्या पुंडलिकरावांची ती लेक. त्यांची संत्र्याची बाग होती आणि त्या घरातून कॉलेजात आलेली ती पहिलीच मुलगी. हुशार होती, बोलायची मात्र कमी. एकच खोड होती. दर मंगळवारी आणि दर शनिवारी तिची जागा रिकामी असायची.

आमच्या भागात मंगळवार-शनिवार म्हटलं की जामसांवलीचा मारुती, हे काही सांगावं लागत नाही. स्टाफरूममध्ये सगळ्यांनी एकमतानं ठरवून टाकलं की पोरगी नवस फेडायला जाते. केशवराव स्वतः दर शनिवारी संध्याकाळी जामसांवलीला जाणारे, त्यामुळे या विषयात त्यांचा शब्द शेवटचा. ते म्हणाले, "देवाला जावं, पण कॉलेज सुटल्यावर जावं. मारुती काय हिचा पेपर लिहून देणार आहे?" सगळे हसले, मीही हसलो असतो. छायाला मात्र कुणी काही विचारलं नाही.

दिवाळीनंतर हजेरी कमी भरली. आता नाव कापलं जाणार, असा निरोप ऑफिसातल्या मुकुंदबाबूंनी तिच्या घरी धाडला. निरोप मिळताच, सोमवारी, पुंडलिकराव टोपी हातात धरून माझ्याखाली येऊन उभे राहिले.

"साहेब," ते केशवरावांना म्हणाले, "पोरगी रोज सकाळी घरून निघते अन् तुमी म्हणता येत नाही. मंग जाते कुठं? गावात लोकं विचारून राहिले. तुमी कापण्यापरीस मीच तिचं नाव काढून नेतो. यंदाच उजवून टाकतो तिले."

त्यांचा आवाज चढलेला नव्हता, पण बाप आतून पार खचला होता. मला त्यांची दया आली आणि त्या पोरीची त्याहून जास्त. दोन सह्या झाल्या की तिचं शिक्षण संपलं असतं.

इतक्यात नलिनीबाई बाहेर आल्या. त्या पांढुर्ण्याच्या, इतिहास शिकवायच्या, आणि मारुतीच्या त्या गमतीला सर्वांबरोबर त्याही हसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "काका, उद्याचा दिवस द्या मला. उद्या दुपारी नाव काढायचंच असलं तर मी अडवणार नाही. पण आज घरी तिला काही बोलू नका."

"उद्या मंगळवार आहे," केशवराव म्हणाले.

"म्हणूनच, सर."

त्या संध्याकाळी बाई बोरगावला गेल्या. तिथे त्यांची मावशी, देवकाबाई, राहायची. मुक्काम तिच्याकडे केला.

मंगळवारी नऊला कवडूनं मला वाजवलं आणि फाटक लावून घेतलं. पहिला तास नलिनीबाईंचाच होता. वर्ग भरला, पण बाईंचा पत्ता नाही. असं कधी झालं नव्हतं. केशवराव व्हरांड्यात येरझारा घालू लागले. पुंडलिकराव पहाटेच संत्र्याची गाडी घेऊन बाजारात आले होते. ते ओट्यावर बसून वाट पाहत होते. दहा वाजून गेल्यावर एकदाच्या बाई आल्या. त्यांच्या मागे छाया होती.

कवडू फाटक उघडायला धावला. बाई बाहेरूनच म्हणाल्या, "राहू दे, कवडू. घंटी झाली ना? मग नियम मलाही तोच."

केशवराव फाटकाशी आले. बाई सांगू लागल्या, "सर, आठपासून मी बोरगावच्या स्टँडवर उभी होते. ही मुलगी माझ्या आधीपासून उभी होती. नागपूरकडून पहिली बस आली ती जामसांवलीच्या भक्तांनी खचाखच भरलेली. टपावरसुद्धा माणसं. ती थांबलीच नाही. दर मंगळवारी, दर शनिवारी हेच होतं. पुढची बस मिळेपर्यंत आपलं फाटक लागलेलं असतं. एकदा ही इथवर येऊन परत गेली. आज मलाही गैरहजर मांडा."

केशवरावांनी खिशातला रुमाल काढला आणि उगाचच चष्मा पुसला. ज्या देवाला ते जायचे, त्याच देवाची गर्दी पोरीची वाट अडवत होती. हे त्यांना सुचलं नव्हतं, कारण त्यांची बस नेहमी इथूनच सुटायची आणि त्यांना बसायला जागा मिळायची.

पुंडलिकराव लेकीजवळ गेले. "मंग घरी काऊन नाही सांगितलं वं?"

छाया खाली बघत म्हणाली, "सांगितलं असतं तं तुमी म्हणाले असते, बस भेटत नाही तं घरीच राह्य."

 "म्हटलं असतं," पुंडलिकराव म्हणाले, आणि टोपी डोक्यावर घातली. "साहेब, राहू द्या तिचं नाव."

केशवरावांनी फाटक स्वतःच्या हातानं उघडलं.

त्याच दुपारी बैठक बसली. मंगळवारी आणि शनिवारी पहिली घंटी दुसरी बस आल्यावर वाजवायची आणि राहिलेला तास शेवटी घ्यायचा, असं ठरलं. खरं सांगतो, मला आधी राग आला. माझा सगळा तोरा गेला की हो! पण शनिवार उजाडला. कवडू दांडा हातात घेऊन रस्त्याकडे बघत उभा होता. बस आली, आणि छायाबरोबर आणखी चारदोन मुली उतरल्या. त्या जिवाच्या आकांतानं पळत सुटल्या. कवडू ओरडला, "पळू नका वं पोरीहो, घंटी बाकी आहे." त्या थबकल्या, एकमेकींकडे बघून हसल्या आणि चालत आत आल्या. त्यानंतर मी जितका गोड वाजलो, तितका कधीच वाजलो नव्हतो.

छाया बी. ए. झाली. कॉलेजात एक नवी रीत पडली. कुणाचंही नाव कापण्याआधी एक शिक्षक त्याच्या घरी जाऊन यायचा.

पुढे विजेची घंटी आली. मला खाली उतरवलं आणि फाटकाला अडसर म्हणून टेकवून ठेवलं. आज माझ्यावर गंज चढला आहे, येताजाता कुणाची तरी ठेच लागते. त्याचं मला वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते मीनाचं. ती छायाच्याच स्टँडवरची, तिच्या आदल्या वर्षीची. तीही मंगळवार-शनिवार यायची नाही, आणि तिचं नाव कापलं होतं. नवी रीत पडल्यावर नलिनीबाई तिच्याही घरी जाऊन आल्या. परतल्या तेव्हा कडुनिंबाखाली बराच वेळ बसून राहिल्या. कवडूनं पाणी आणून दिलं आणि विचारलं, "मीना येते का, मॅडम?"

"तिचं लग्न झालं, कवडू. चैत्रातच. तिची आई म्हणाली, कॉलेजातून आलेल्या तुम्ही पहिल्याच."

मित्रांनो, तुमच्या वर्गात एखादी जागा रिकामी राहू लागली, तर तिथे कोण बसत होतं ते आठवा आणि त्याच्या घरी जाऊन या. आजच जा.