उशीच्या खोळीची चौथी चिंधी

अक्काच्या खांद्याने कुऱ्हाडीशी काडीमोड घेतला होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, "पुन्हा घाव घातलात तर केस विंचरायलाही हात वर जायचा नाही." शहरातला मुलगा फोनवर मागे लागला होता, "आई, वखार विक आणि इकडे ये. तुझ्यासाठी खोली रिकामी केलीय, माझी सायकलसुद्धा जिन्यात ठेवलीय." शेवटी अक्काने सांगून टाकलं, "बारक्याच्या यंत्राने दाराजवळचा तो गाठाळ ओंडका आज फोडला, तर वखार राहील. नाहीतर मी बोचकं बांधते."

बारक्या म्हणजे तिचा धाकटा भाऊ, साठी उलटलेला. सारा जन्म कारखान्यात गेल्यामुळे सगळे त्याला फिटर म्हणत. हाताने चोख, मनाने भित्रा. कुलूप लावून चार पावलं गेला की परत येऊन ओढून बघणारा.

लाकूड फोडायचं यंत्र त्याने ट्रॅक्टरच्या मागे अडकवलं होतं. ट्रॅक्टरचं तेल एका नळीने यंत्रात जायचं, दुसरीने परत यायचं आणि त्या जोरावर लोखंडी पाचर लाकडात घुसायची. मुळात ते आडवं होतं. ओंडका उचलून वर ठेवावा लागे. फिटरने बिजागरी बसवून ते उभं केलं. आता ओंडका लोळवत आणला की झालं. दुसरी सुधारणा त्याने अक्काला न विचारता केली होती.

"दोन दांडे कशाला रे?"

"दोन्ही दाबलेस तरच पाचर हलेल. तुझा डावा हात ओंडक्यावर असतो ना, बाळाच्या डोक्यावर ठेवल्यासारखा."

"म्हणजे माझ्या हातांना बेड्या!"

"बोटं राहतील, अक्का."

तिने नाक मुरडलं आणि दोन्ही दांडे दाबले. पाचर गोगलगाईसारखी खाली आली, ओंडक्यात जेमतेम दोन इंच शिरली आणि अडली. ट्रॅक्टर कण्हू लागला. फिटरने घाईघाईने इंजीन बंद केलं. पंप गेला असेल का? की आपलंच मोजमाप चुकलं? बहिणीचं घर आपल्या हाताने बुडवलं, या विचाराने तो ट्रॅक्टरभोवती फेऱ्या घालू लागला.

त्यातच फोन वाजला.

"झालं का, आई?"

"होतंय," अक्का म्हणाली आणि फोन ठेवून ती बाकावर बसली. तेलकट हात पुसायला तिने बाकावरची चिंधी उचलली.

"बारक्या, नळ्यांच्या तोंडात कोंबायला म्हणून तू उशीची फुलाफुलांची खोळ फाडून नेलीस ना? चार तुकडे केले होतेस. इथे तीनच आहेत."

"असेल कुठेतरी."

"तू आणि कुठेतरी? तू चपलासुद्धा आखून ठेवल्यासारख्या काढतोस!"

फिटरला एकदम आठवलं. जोडणी होईपर्यंत धूळ जाऊ नये म्हणून नळ्यांची चारही तोंडं त्यानेच बंद केली होती, आणि वाऱ्यानेही निघू नयेत म्हणून बोळे बोटाने चांगले आत सारले होते.

त्याने दांडे हलवून तेलाचा दाब मोकळा केला आणि परतीच्या नळीचा जोड खोलला. पकडीने ओढल्यावर तेलाने माखलेली फुलं बाहेर आली. तेलाला परतायला धड वाटच नव्हती. पाचर पुढे सरकणार कुठून?

"पंप धडधाकट आहे, अक्का!" तो ओरडला. इतक्या मोठ्याने तो लग्नातसुद्धा बोलला नव्हता.

जोड घट्ट बसवून त्याने ट्रॅक्टर सुरू केला. अक्काने पुन्हा दोन्ही दांडे दाबले. पाचर सरसर उतरली, गाठीपाशी क्षणभर घुटमळली. फिटरने डोळे मिटले. कडाड असा आवाज झाला आणि पायाशी काहीतरी गडगडत आलं. डोळे उघडले तर अर्धा ओंडका त्याच्या बुटाला टेकला होता. अक्काचे दोन्ही हात दांड्यांवर होते.

तो त्याच अर्ध्या ओंडक्यावर मटकन बसला आणि उगीचच हसत सुटला. सकाळपासून आवळून धरलेले खांदे आत्ता कुठे खाली आले.

अक्काने मुलाला फोन लावला. "हे बघ, तुझी सायकल जिन्यातून परत खोलीत ने. गंजेल."

मग तिने भावाच्या खिशातून डोकावणारी ती तेलाने काळी पडलेली चौथी चिंधी ओढून काढली.

"ही मी ठेवते. यापुढे तोंडं बंद केलीस, तर उघडलीस का हे मी मोजणार."

"मोज बाई," फिटर म्हणाला आणि पुढचा ओंडका लोळवायला उठला.