पहिल्या फेरीचा मान

बाळांनो, क्षणभर डोळे मिटा आणि अशी कल्पना करा, की तुम्ही अकरा वर्षांचे आहात, शाळेत तुमच्या नावाची चिठ्ठी निघाली आहे आणि उद्या सकाळी तुम्ही विमानात बसणार आहात. खरंखुरं विमान, चार जणांचं, पांढरं, अंगावर निळा पट्टा. आता त्याच्या जोडीला आणखी एक गोष्ट मनात धरा. ते विमान उडवण्याजोगं नाही, हे तुमच्या वडिलांना माहीत आहे.

सोलापूरच्या भवानी पेठेतल्या फिरदोसचं नेमकं असंच झालं होतं.

तिचे अब्बा, गैबीसाब, शहराबाहेरच्या माळावर विमान चालवायला शिकवणाऱ्या एका संस्थेत मेकॅनिक होते. शाळेतल्या मुलांना रविवारी विमानातून फेरी मारून आणणार होती, तीही हीच संस्था. विमानाचं शेपटीकडचं सुकाणू वैमानिक पायाने हलवतो, आणि पायापासून शेपटीपर्यंत ती ओढ नेते एक पोलादी तार. बारीक बारीक धाग्यांना पीळ देऊन ती केलेली असते. अब्बा तिच्यावरून सुती कापड फिरवत. एखादा धागा तुटला असेल तर डोळ्यांना चटकन दिसत नाही, पण कापड तिथे अडकतं. दोन महिन्यांपूर्वी निळ्या पट्ट्याच्या विमानात कापड तीन ठिकाणी अडकलं. अब्बांनी दोषांच्या वहीत तसं लिहिलं आणि तार बदलायला सांगितली.

तार आहे तिथेच राहिली. बदलली ती अब्बांची जागा. दुसऱ्या दिवशी त्यांना फाटकाजवळ एक स्टूल आणि एक शिट्टी मिळाली. धावपट्टीवर कुत्री आली की हाकलायची, हत्यारांना हात लावायचा नाही. बाहेरून आलेल्या कोणा इंजिनियरने वहीत ‘तार ठीक’ लिहून सही केली. अब्बांनी वरच्या कार्यालयाला अर्ज पाठवला, त्याला दीड महिना झाला, उत्तर नाही. नोकरी सोडावी तर चार वर्षांच्या कामाचा दाखला संस्थेच्या हातात. त्यावाचून परवान्याच्या परीक्षेला बसता येत नाही, की दुसरीकडे कोणी दारात उभं करत नाही. जुना सोबती संगप्पा येताजाता म्हणायचा, “गैबीभाई, कुत्रं लंगडत असलं तर वहीत लिहू नका हां.” पण साहेब दिसले की तोही मान वळवून निघून जायचा.

शनिवारी दुपारी ते साहेब, संस्थेचे प्रमुख दिग्विजय सर, घरी आले. अम्मीने चहा ठेवला. फिरदोस दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

“अभिनंदन, फिरदोस. उद्या पहिल्या फेरीचा मान तुझा,” सर म्हणाले आणि अब्बांकडे वळले. “पालकांत कुजबुज चाललीय, विमान खराब आहे म्हणून. मेकॅनिकचीच पोरगी पहिली बसली म्हणजे तोंडं बंद होतील. काय गैबीसाब?”

चिठ्ठी आपलीच कशी निघाली, हे फिरदोसला आत्ता कळलं.

“सर, तार बदलून घ्या. एका दिवसाचं काम हाय. मीच करतो.”

“तुम्ही कुत्री सांभाळा.” सरांनी बशीत चहा ओतला. “तुमचा दाखला टाइप करून ठेवलाय. दोन ठेवलेत. एकात लिहिलंय, कामसू, विश्वासू. दुसऱ्यात लिहिलंय, डोकं ठिकाणावर नाही, खोट्या तक्रारी करतो. सोमवारी एकावर सही करीन.”

सर गेले. अब्बांनी फिरदोसला जवळ बोलावलं.

“बेटा,” ते म्हणाले, “उद्या तितं गेलीस की पोटात दुखतंय म्हण. तुला बसवणार न्हाईत.”

“तुमीच सांगता की, खोटं बोलायचं न्हाय.”

“व्हय. उद्याच्यापुरतं बोल.”

“आणि रेश्मा? तिचं नाव माझ्या मागं हाय. तिचंबी पोट दुखंल का?”

अब्बांनी तिच्याकडे पाहिलं नाही. “तिच्या बाबांकडं सकाळीच जाऊन आलो. सरांनी त्यांना आधीच सांगून ठेवलंय. गैबीसाब येईल, त्याचं डोकं फिरलंय, ऐकू नका. मला चहा पाजला त्यांनी. लई प्रेमानं बोलले.”

रविवारी माळावर मांडव घातला होता. पालक फोन उंच धरून उभे होते. अब्बांना विमानाकडे यायची मनाई, म्हणून ते फाटकापाशी स्टुलावर होते. नाव पुकारल्यावर फिरदोस विमानाजवळ गेली आणि पोट धरून म्हणाली, “दुखतंय.”

सरांचे ओठ आवळले, पण लगेच ते हसले. “पोरगी घाबरली. असू दे. रेश्मा, तू ये बाळ.”

रेश्मा पळतच आली. तिने केसांना नव्या क्लिपा लावल्या होत्या. “फिरदी, वरून तुमची गच्ची दिसते का बघते हां,” असं म्हणून तिने पायरीवर पाय ठेवला.

फिरदोसने फाटकाकडे बघितलं. अब्बा उभे राहिले होते. त्यांना तिथून एक पाऊलही पुढे टाकता येत नव्हतं.

तिने पोटावरचा हात काढला. पुढच्या पंख्याच्या वाटेला कधीही जायचं नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं, म्हणून ती मागून वळसा घालून विमानाच्या पंखाखाली शिरली, चाकाला पाठ टेकून खाली बसली आणि मांडवातल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “माझं पोट दुखत न्हाय. या विमानाची तार तुटायला झालीय. ती बदलेपर्यंत मी हितनं उठणार न्हाय.”