गालिच्यावरचा फासा

जुन्या नावाजलेल्या संघांचे पत्ते मांडून, फासे टाकून मी आणि एमेट तळघरात बेसबॉल खेळतो. सामन्याआधीचा अंदाज मी लिहितो आणि दर वेळी तोंडावर आपटतो. या वेळी ठणकावून लिहिलं होतं, 'सत्तावीस सालचं न्यूयॉर्क पंचाहत्तरच्या सिनसिनाटीला धूळ चारणार.' एमेटनं ते बायकोकडून वाचून घेतलं आणि खो खो हसला. त्याची नजर गेल्यापासून फासे मीच वाचून सांगतो.

शेवटच्या डावात माझं न्यूयॉर्क एका धावेनं मागे होतं. पहिल्या बेसवर माझा एक खेळाडू होता. दोन सहा पडले की होम रन, म्हणजे दोन धावा आणि सामना माझा. मी फासे टाकले. एक सहा टेबलावर पडला, दुसरा फासा घरंगळून गालिच्यावर गेला. खाली पडलेला फासा धरायचा नाही, पुन्हा टाकायचा, हा आमचा पहिल्यापासूनचा नियम. पण खालीही सहाच होता.

"होम रन!" मी ओरडलो.

"च्यायला व्हर्नन, जिंकलास की! तुझा अंदाज खरा ठरला एकदाचा." त्यानं माझा हात घट्ट दाबला. सांगून टाकावंसं वाटलं, पण मी कागदावर माझा विजय मांडून टाकला.

काठी घेऊन एमेट उठला आणि जागेवरच थांबला.

"तेवढा गालिच्यावरचा फासा उचल रे," तो म्हणाला. "माझ्या पायाखाली यायचा."