नोंदीतला सहा फुटांचा ताड

मी एका वनस्पती उद्यानातला जुना ताड आहे. मित्रांनो, राहायला मी काचघरात असतो. म्हणजे ठेवलेला असतो.

एका डॉक्टराने औषधी झाडांसाठी ही बाग काढली. पुढे कमळांचं तळं झालं, आणि दूरदेशीच्या झाडांसाठी हे काचघर. साठ वर्षांपूर्वी मी खोक्यात बसून बोटीने आलो. सोबत एक बुटका ताड होता. जेवणाच्या घाईत माळ्याने आमच्या पाट्यांची अदलाबदल केली. बुटका महिनाभरात वारला. त्याची पाटी माझ्या गळ्यात राहिली : 'बुटका ताड. उंची सहा फूट.'

सुरुवातीला कौतुक झालं. लोक शेजारी उभे राहून फोटो काढत. मग मी ताडमाड वाढलो आणि फोटोत माझे नुसते पाय येऊ लागले. आता चाळीस फुटांवर छताची काच आहे आणि तिला टेकलेलं माझं डोकं. नवं पान घडीतच पिवळं पडतं. बाहेरची झाडं डोलतात. वारा मी फक्त पाहिला आहे.

त्या माळ्याची सून आता इथली माळीण आहे. छत उंच करा म्हणून तिने सात अर्ज दिले. शेवटी अधीक्षक आले.

"बाई, सहा फुटांच्या झाडाला चाळीस फुटांचं छत पुरत नाही?"

"साहेब, जरा वर बघा की! आमच्या मामंजींनी पाटी चुकीची लावलीय."

"झाड मेल्याशिवाय पाटी बदलता येत नाही. सहा फुटांवरचं सगळं सोमवारी छाटा."

"ताडाला शेंडा एकच असतो, साहेब. तो गेला की झाड मेलं."

"मग बदलू की पाटी," साहेब समजुतीने म्हणाले.

बाई माझ्या खोडावर हात ठेवून उभी राहिली. मग तिने नोंदवही उघडून लिहिलं : 'बुटका ताड, मृत.' यात तसूभर खोटं नव्हतं. नोंद तेवढी साठ वर्षं उशिरा झाली.

साहेबांनी वर न बघता सही केली. पाटी निघाली, छाटणी रद्द झाली.

तेव्हापासून कागदोपत्री मी नाहीच. जो नाही त्याला छाटता येत नाही. पण त्याच्यासाठी छत तरी कोण उंचावणार?

मित्रांनो, झाडं जपा, हे तुम्हाला सगळेच सांगतात. माझं मागणं लहान आहे. काचघरात आलात की पाटी शोधू नका. एकदा मान वर करा आणि दिसेल ते मोठ्याने सांगा. अधीक्षकांची खोली शेजारीच आहे.